रब्बीचं पाणी कमी, मागणारे जास्त: चारीवरचं वाटप कोणत्या क्रमाने करायचं

कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांच्या कामात एक चूक मी वारंवार पाहिली आहे. कालव्याला पाणी सुटलं की मग वाटपाची बैठक बोलावली जाते. तोवर हेडच्या, म्हणजे मुखाजवळच्या शेतकऱ्याने दार उघडलेलं असतं, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने हरभरा पेरून टाकलेला असतो आणि ज्याचा ऊस उभा आहे त्याला माघार घेणं शक्यच नसतं. मग त्या बैठकीत फक्त झालेल्या भांडणाची मिटवामिटव होते.

हा लेख लघुवितरिकेवरच्या, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांकडे नेणाऱ्या ज्या लहान पाटाला आपण चारी म्हणतो त्याच्यावरच्या संस्थेसाठी आहे. काम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू करायचं आणि रब्बीच्या पहिल्या आवर्तनाआधी, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पहिल्या फेरीआधी, आठपैकी पहिले सहा टप्पे संपवायचे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक संस्थांचं वाटप बिघडतं ते क्रम उलटा झाल्यामुळे.

टप्पा १: टेलकडून चारी चालून या

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शिवारफेरी काढा. हेड, मधला भाग आणि टेल यांतला प्रत्येकी एक शेतकरी, पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा माणूस) आणि प्रत्यक्ष दारं धरणारी, म्हणजे शेतात पाणी वळवणारी निदान एक बाई, एवढी माणसं पुरेत. सुरुवात टेलपासून करा. हेडपासून निघालेली फेरी मध्यावर जेवणाला थांबते आणि टेल राहून जातो, हे इतक्या वेळा घडलंय की मी आता दुसरा रस्ता सुचवतच नाही.

वहीत प्रत्येक आउटलेटचा (चारीतून शेतांकडे पाणी सोडणाऱ्या तोंडाचा) क्रमांक, त्याखालचं क्षेत्र, दाराची अवस्था, साचलेला गाळ, फोडलेली जागा आणि चारीत टाकलेले पाइप किंवा मोटारी यांची नोंद करा. त्याच वहीच्या मागच्या पानांवर माणसांची यादी करा. सातबाऱ्यावरून केलेली यादी नेहमी तोकडी पडते. त्यात वाटेकरी येत नाही, मात्र रात्री पाण्यावर जागणारा तोच असतो. मालक पुण्यात असताना सगळी शेती पाहणारी त्याची आई किंवा भावजय त्या यादीत नसते. पाटाच्या पाझरावर ज्याची विहीर वर्षभर चालते तो शेतकरी आपण कालव्याचे लाभार्थी आहोत असं मानत नाही, पण आवर्तन लांबलं की पहिली तक्रार त्याचीच येते. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर पाटाशेजारी असेल तर ग्रामपंचायतही या यादीत हवी. जनावरं पाण्यावर आणणारे आणि हंगामात येणारे मेंढपाळ यांचीही नोंद करा. त्यांची गरज थोडी असते, पण ती धरली नाही तर चारीचा काठ तुडवला जातो.

*पडताळा:* यादीत ज्यांच्या नावावर जमीन नाही अशी किती नावं आहेत? एकही नसेल तर फेरी पुन्हा काढा.

सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यानुसार संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना समान जागा आहेत. तुमच्या मंडळात तिन्ही भागांची माणसं खरोखर आहेत का, की टेलच्या जागेवर टेलला दोन एकर असलेला हेडचाच मोठा शेतकरी बसलाय, हे याच वेळी पाहून घ्या.

टप्पा २: पाण्याचा आकडा लेखी घ्या

रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्या दिवशीचा धरणातला उपयुक्त साठा हा सगळ्या नियोजनाचा पाया असतो. पण "धरण ऐंशी टक्के भरलंय" या बातमीवर वाटप ठरवू नका. त्या साठ्यातून आधी पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पिण्याचं पाणी राखून ठेवतात. बाष्पीभवन जातं, औद्योगिक मंजुरी असते, धरणाच्या फुगवट्यावरच्या उपसा योजना असतात. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात असाल तर आणखी एक गोष्ट आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं. आपलं धरण भरलं म्हणजे पाणी आपलं, असं धरून पेरणी केलेल्यांना याचा फटका बसतो.

कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की शाखा कार्यालयातून तुमच्या चारीचा हंगामी कोटा घनमीटरमध्ये आणि आवर्तनांच्या तारखा लेखी मागून घ्या. तोंडी आकड्यावर पाण्याच्या पाळीची एकही चिठ्ठी काढू नका.

त्यानंतर वहनव्यय. कोटा चारीच्या मुखाशी मोजला जातो, म्हणून मुखापासून आउटलेटपर्यंत जे मुरतं आणि गळतं ते संस्थेच्या खात्यावर पडतं. ते माहीत नसेल तर कागदावरचं वाटप चारीत कधीच उतरत नाही. मुखाशी फ्लूम (प्रवाह मोजायची बांधीव नाळ) असेल तर वाचन सोपं आहे. नसेल तर असं मोजा:

१. चारीचा सरळ, स्वच्छ असा ३० मीटरचा तुकडा निवडा आणि दोन्ही टोकांना दोरी बांधा.
२. पाण्याची सरासरी रुंदी आणि सरासरी खोली मोजा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पाण्याचा काटछेद.
३. वरच्या टोकाला लिंबू सोडा, खालच्या दोरीपर्यंत पोचायला लागलेले सेकंद मोजा. पाच वेळा करा, सरासरी घ्या.
४. ३० ला त्या सेकंदांनी भागा आणि ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागावरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतं. आलेल्या उत्तराला काटछेदाने गुणा.

उदाहरणार्थ रुंदी १ मीटर, खोली ०.५ मीटर आणि वेळ ७५ सेकंद असेल, तर प्रवाह सेकंदाला ०.१७ घनमीटर, म्हणजे ६ क्युसेक (सेकंदाला ६ घनफूट). वरची सगळी आउटलेट बंद ठेवून हेच माप टेलजवळ घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा वहनव्यय. खरिपात आवर्तन आलं असेल तर तेव्हाच मोजून ठेवा. आलं नसेल तर २० ते २५ टक्के धरा आणि पहिल्या आवर्तनात दुरुस्त करा.

*खबरदारी:* हे माप हेडच्या आणि टेलच्या माणसांनी एकत्र उभं राहून घ्यावं. एकट्या सचिवाने आणलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि तो ठेवायलाही नको.

टप्पा ३: गणित फळ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत

इथे घाई करू नका. निम्मे तंटे हिशेब न दिसल्यामुळे होतात.

समजा चारीखाली ३०० हेक्टर आहे आणि रब्बीचा कोटा ६ लाख घनमीटर. वहनव्यय २० टक्के वजा केला की आउटलेटला ४ लाख ८० हजार घनमीटर उरतं. प्रवाही सिंचनात एका भरण्याला साधारण ८ सेंटीमीटर, म्हणजे हेक्टरी ८०० घनमीटर पाणी धरू.

आता दोनच वाटा आहेत. दोन आवर्तनं घेतली तर प्रत्येकात २ लाख ४० हजार घनमीटर आणि पूर्ण ३०० हेक्टर भिजतं. तीन घेतली तर प्रत्येकात १ लाख ६० हजार आणि फक्त २०० हेक्टर भिजतं. ज्वारी आणि हरभऱ्यावाल्याला पहिली वाट हवी असते. गहू आणि कांद्यावाल्याला दुसरीही अपुरी वाटते. चारीवरचं खरं भांडण हे आहे. हेड आणि टेल हे त्याचं वरून दिसणारं रूप, कारण ज्याला वेळेवर पाण्याची खात्री असते तोच कांदा लावतो आणि ती खात्री आजवर हेडलाच होती.

तासांचं गणितही याच फळ्यावर मांडा. एका आउटलेटमधून १ क्युसेक, म्हणजे तासाला सुमारे १०२ घनमीटर पाणी येतं. ८०० घनमीटरला सुमारे ८ तास लागतात. म्हणजे हेक्टरी ८ तास, एकरी सव्वातीन तास. चारीच्या मुखाशी ६ क्युसेक असलं तरी वहनव्यय वजा जाता एका वेळी पाचच आउटलेट नीट चालतील. तीन आवर्तनांच्या हिशेबात एक आवर्तन सुमारे १४ दिवसांचं होतं, दोनच्या हिशेबात २० दिवसांचं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की "मला आणखी एक दिवस द्या" म्हणणाऱ्याला तो दिवस कुणाचा जातो ते दिसतं.

*नेहमीची चूक:* पाणी पिकानुसार वाटणं. उसाला जास्त लागतं म्हणून उसवाल्याला जास्त, असं एकदा सुरू झालं की पुढच्या वर्षी ऊस वाढतो. वाटप घनमीटरमध्ये किंवा तासांत करा आणि पीक शेतकऱ्यावर सोडा. उसवाल्याला त्याच्या क्षेत्राचे तास मिळतील. त्यावर लागेल ते त्याने विहिरीतून, ठिबकवर भागवावं. उभा ऊस तोडायला लावू नका, पण नव्या लागणीसाठी जादा पाणी मिळणार नाही हे सप्टेंबरमध्येच लेखी कळवा.

टप्पा ४: तूट आली तर काय, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. कोटा पुरेसा दिसत असला तरी तुटीचा नियम लिहून ठेवा. पाणी आटल्यावर प्रत्येकाला आपलं पीक दिसत असतं, तेव्हा न्याय्य नियम सुचत नाही आणि सुचला तरी पटत नाही.

वरच्याच चारीचा कोटा ६ वरून साडेचार लाखांवर आला असं धरा. आउटलेटला ३ लाख ६० हजार उरतं आणि दोन आवर्तनांत २२५ हेक्टर भिजतं, म्हणजे ७५ टक्के. सोपा नियम म्हणजे सगळ्यांना सरसकट २५ टक्के कपात. त्यात दोन एकरवाल्याचं दीड एकर भिजतं आणि दहा एकरवाल्याचं साडेसात.

मी दुसरा नियम सुचवतो: प्रत्येक खातेदाराचा पहिला एक एकर पूर्ण भिजेल, कपात त्यापुढच्या क्षेत्राला. चारीवर १५० खातेदार असतील तर सुमारे ६० हेक्टर असं राखलं जातं. उरलेल्या २४० हेक्टरपैकी १६५ हेक्टर भिजतं, म्हणजे जेमतेम ६९ टक्के. दोन एकरवाल्याचं दीडऐवजी १.७ एकर भिजतं, दहा एकरवाल्याचं साडेसातऐवजी ७.२. मोठ्या शेतकऱ्याचे बारा गुंठे गेले आणि लहानाचे सात-आठ गुंठे वाचले. तत्त्वाच्या गोष्टी सांगून जो मोठा शेतकरी तयार होत नाही तो बारा गुंठ्यांचा आकडा पाहून बरेचदा तयार होतो.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत याच्याही पुढे गेली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. त्या उपसा योजना होत्या. कालव्याच्या चारीवर हक्क जमिनीशी बांधलेला असल्याने ते जसंच्या तसं करता येत नाही, पण पहिल्या एकराचा नियम ठरावाने करता येतो.

दुसरी गोष्ट फड पद्धतीकडून घ्या. तीत बंधाऱ्याखालची जमीन फड नावाच्या पट्ट्यांत वाटलेली असते. धुळे जिल्ह्यातल्या पांझरेच्या खोऱ्यात पाणी कमी असलं की काही फड कोरडे ठेवत, पण शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे तूट वाटली जाई. चारीवर उलटं होतं. आपण न ठरवताच टेलचा अख्खा पट्टा कोरडा पडतो. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा की कपात प्रत्येकाच्या क्षेत्रात होईल, कोणताही पट्टा वगळला जाणार नाही. पाणीपट्टी भरूनही टेलच्या माणसाने दरवर्षी कोरडी चारी बघायची, हा उघड अन्याय आहे आणि आपण त्याची सवय करून घेतली आहे.

विहीरवाल्यांचं काय? तुटीच्या वर्षी ज्याच्या विहिरीला पाटाचा पाझर आहे त्याने एक पाळी सोडावी, हा नियम मला योग्य वाटतो. मात्र तो सक्तीने आणू नका. आधी विहिरींची पाणीपातळी मोजा, कारण शेजारच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून विहिरींचं पाणी वाढवलं आणि कालवा व विहीर यांचा विचार एकत्र केला. विहीरवाल्याकडून पाळी मागायची तर त्याच्या विहिरीसाठी संस्था काय करणार, हेही सांगता आलं पाहिजे.

टप्पा ५: आधी वेगळ्या बैठका, मग एक

थेट सर्वसाधारण सभा घेतली तर तिथे चार-पाच माणसंच बोलतात. त्याऐवजी टेल, मधला भाग आणि हेड यांच्या वेगळ्या बैठका त्याच क्रमाने, आपापल्या वस्तीवर घ्या. दारं धरणाऱ्या बायका आणि वाटेकरी यांच्याशी वेगळं बोला. मालकासमोर वाटेकरी काहीच म्हणत नाही. प्रत्येक बैठकीत तीनच प्रश्न विचारा: कोणत्या आठवड्यात पाणी चुकलं तर पीक जातं? कोणता आठवडा सोडता येईल? मागच्या वर्षी काय चुकलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना पाणी लागतंच. हरभऱ्याला फुलोऱ्यात आणि घाटे भरताना लागतं, एरवी तो थांबतो. ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी चुकवून चालत नाही. या तारखा एका पट्टीवर मांडल्या की ज्या दोघांचा वाद होता त्यांना पाणी एकाच आठवड्यात नको होतं, असं कित्येकदा दिसतं.

मग सर्वसाधारण सभा. फळ्यावर गणित, तुटीचा नियम आणि तारखा मांडा आणि ठराव त्याच सभेत वाचून दाखवा. "नंतर लिहून घेऊ" म्हणजे दोन गटांकडे दोन ठराव.

*पडताळा:* ठरावात आवर्तनांची संख्या, हेक्टरी तास, तुटीचा नियम, पाळीचा क्रम आणि चारी फोडल्यास काय, या पाचही गोष्टी आहेत का?

टप्पा ६: चारी साफ आणि चिठ्ठ्या हातात

गाळ आणि गवत काढणं, दारं दुरुस्त करणं हे पाण्याआधी निदान आठ दिवस संपवा. पैसे कमी असतील तर खर्च टेलच्या बाजूने सुरू करा.

शेजपाळीची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या पाण्याच्या पाळीची चिठ्ठी प्रत्येकाला द्या: आउटलेट क्रमांक, तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ, मागच्या आणि पुढच्या माणसाचं नाव. चिठ्ठी वाटेकऱ्यालाही द्या. रात्रीच्या पाळ्या त्याच माणसांवर पडू देऊ नका. आठवड्याची पाळी लावली तर दर वेळी तोच वार आणि तोच तास येतो. म्हणून दुसऱ्या आवर्तनात सगळ्या पाळ्या बारा तासांनी पुढे ढकला. सापाची, बिबट्याची भीती सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायला हवी.

*खबरदारी:* चिठ्ठ्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या. एका चारीवर आम्ही टेलपासून पाणी द्यायचं ठरवलं आणि घाईत फक्त टेलच्या चिठ्ठ्या वाटल्या. हेडच्या शेतकऱ्यांना समोरून पाणी जाताना दिसत होतं आणि आपली तारीख माहीत नव्हती. तिसऱ्या रात्री चारी फुटली. फोडणाऱ्यावर राग काढून उपयोग नव्हता, चूक आमची होती.

टप्पा ७: आवर्तन चालू असताना

पाणी टेलकडून हेडकडे द्या. न्यायाचा भाग आहेच, पण पाण्याचाही फायदा आहे. वरची दारं बंद असताना चारी पूर्ण प्रवाहाने वाहते, पाणी टेलला लवकर पोचतं. नंतर टेलकडची चारी बंद करत वर यायचं, म्हणजे उरलेल्या दिवसांत कमी लांबी ओली राहते आणि गळती घटते. पहिल्या रात्री मात्र कच्च्या भरावाच्या जागी माणूस उभा हवा, कारण सगळी दारं बंद असताना काठावरून पाणी जाऊ शकतं.

मुखाशी पाण्याची पातळी दिवसातून तीनदा वाचा आणि चावडीच्या फळ्यावर लिहा. मुखाशी ६ ऐवजी ४ क्युसेक येत असेल तर पहिल्या दिवशीच शाखा अभियंत्याला लेखी कळवा. आठव्या दिवशी कळवलेल्या तुटीची भरपाई मिळवणं फार अवघड जातं. पाळीचा माणूस आलाच नाही तर अर्धा तास थांबा, मग पुढच्याला द्या आणि न वापरलेले तास नोंदवा.

कुणी चारी फोडली किंवा चोरून मोटार लावली तर दंड तासांत करा. जितके तास घेतले त्याच्या दुप्पट तास पुढच्या पाळीतून कापा आणि ज्याचे गेले त्याला द्या. पैशाचा दंड कांद्याचा भाव चांगला असला की माणूस हसत भरतो. पंचनामा त्याच दिवशी, दोन्ही भागांच्या साक्षीदारांसह करा. संचालकाच्या भावाने फोडली असेल तर तो पंचनामा सगळ्यात आधी. तिथे डोळेझाक झाली की पुढच्या आवर्तनात ठरावाला कुणी विचारत नाही.

टप्पा ८: दोन आवर्तनांमधला हिशेब

आवर्तन बंद झाल्यापासून तीन दिवसांत पुन्हा बसा. मुखाशी आलेले घनमीटर, प्रत्येक आउटलेटला गेलेले तास आणि खरोखर भिजलेलं क्षेत्र, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. वहनव्यय २० धरला होता आणि २८ निघाला, तर तो आठ टक्के कुठे गेला ते शोधायला त्याच आठवड्यात चारी चाला. ज्यांचे तास बुडाले त्यांची यादी वाचून दाखवा आणि ते पुढच्या पाळीत जोडा. सुटला नाही असा तंटा कागदपत्रांसह वरच्या पातळीच्या संस्थेकडे पाठवा, चारीवर कुजत ठेवू नका.

दुसऱ्या आवर्तनाच्या चिठ्ठ्या या दुरुस्त आकड्यांवरच काढायच्या, आणि त्या सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत एकाही आउटलेटची किल्ली पाटकऱ्याकडे द्यायची नाही.